वय विचारायचं नसतं

एजन्सीच्या बाईने फोनवर आधीच बजावलं,
वय विचारायचं नसतं.
म्हणून मी चहा विचारला,
दूध किती, साखर किती,
आणि मधेच, सहज आठवल्यासारखं,
शाळा कधी सोडलीत?

शेफील्डमधला वॉकलीचा चढ.
चढावर घर, घरात पुन्हा तेहतीस पायऱ्या.
जुई नऊ महिन्यांची, साडेआठ किलो,
आणि सोमवारपासून मला लॅबमध्ये
काचपट्टीवर परक्यांच्या पेशी बघत बसायचं.

फ्रेया आली ती दोन-दोन पायऱ्या गाळत.
एकोणीस असेल. फार तर वीस.
फोनची काच तडकलेली, नखं जांभळी, लांबच लांब,
फक्त उजव्या हाताची दोन मुळाशी कापलेली.
ही बाळांसाठी, ती म्हणाली,
घरी पाठची तीन आहेत.
न सांगता हात धुऊन आली,
जुईच्या हिरडीवरून बोट फिरवलं:
इथे, खाली, डावीकडे. दात येतोय.
चार रात्री मी ज्याला नुसतं रडणं समजत होते
त्याला तिने मिनिटात पत्ता दिला.

मी वहीत लिहिलं, लहान वाटते.
परवा कुठे शेंबूड पुसायला शिकली असेल,
आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली.
तिला मी फक्त नखांचं सांगितलं होतं.

पॉलीन स्टॅनिफोर्थ जिन्यात एकदा थांबली.
मी वरून मोजत होते.
सतरावी पायरी, कठड्यावर हात,
अकरा सेकंद.
शाळा सोडली ती चमच्यांच्या कारखान्यात लागायला.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा थोरला पाळण्यात,
आणि आता त्याला टक्कल पडलंय,
हे सांगताना ती एवढी हसली की चहा सांडला.
मी टेबलाखाली बोटांची पेरं मोजली.
सहासष्ट. कदाचित अडुसष्ट.
साठी बुद्धी नाठी म्हणावं, तर जुईच्या औषधांची नावं
एकदा ऐकून तिने धडाधडा परत म्हटली.
उन्हात नाही पिकले हे केस, असं म्हणायची सोय नाही इथे.
ऊन कुठंय.

आता वहीत नाही ते सांगते.
मागच्या महिन्यात लायब्ररीत,
बाळांच्या बडबडगीतांच्या तासाला,
शेजारच्या बाईने फार मायेने विचारलं,
नात का?
मी चव्वेचाळीस.
सहा वर्षं, तीन दवाखाने,
पोटावर सुयांचे निळे ठिपके,
फ्रीजमध्ये लोण्याशेजारी इंजेक्शनं.
मी हो म्हणाले.
का म्हणाले, ते श्रीरंगलाही सांगितलेलं नाही.

तर फ्रेया, मी आणि बाबागाडी
असे त्या चढावरून निघालो
की लोक आई तिला म्हणणार.
पॉलीनच्या शेजारी उभी राहिले
की मी काही न करता आई.
तिचं वय किती, हा प्रश्नच नव्हता.
माझं किती दिसतं, हा होता.

फॉर्ममध्ये कारण लिहिलं, अनुभव.
श्रीरंग म्हणाला, छान, पण जिना?
म्हटलं, बघू.

दुसऱ्या गुरुवारी लॅबमधून आले
तर दोघी जमिनीवर बसलेल्या,
पॉलीनच्या हातात तिच्या कारखान्यातला चमचा.
ऐक, म्हणाली, आणि हिरडीवर अलगद टेकवला.
टिक्.
खाली, डावीकडे.
मीच शोधला, ती म्हणाली,
गुडघ्यांवर हात ठेवून, उठायला जरा वेळ घेत.

मी म्हटलं, हो ना, तुम्हीच.

फ्रेयाचा मेसेज फोनमध्ये पडून आहे.
नोकरी मिळाली नाही त्याबद्दल एक शब्द नाही.
एवढंच, दात आला का?
रोज रात्री उत्तर लिहिते,
आणि पुसते.